थोरियम-२२९ चं अर्धायु नेमकं किती? जड न्यूक्लाइडच्या आकड्यांची छाननी (धागा)

पारसिक_पायथा

रविवारी वाशीला जमणाऱ्या वाचनगटात या वेळी सरावासाठी थोरियम-२२९ घेतलाय. ॲक्टिनियम-२२५ ची आजी म्हणजे हाच (मधे रेडियम-२२५ आहे, अर्धायु साधारण १५ दिवस). खारघर-वाशी पट्ट्यात न्यूक्लिअर मेडिसिनशी संबंध असलेले बरेच जण आहेत, त्यामुळे विषय घरचाच.

अर्धायुचे छापील आकडे असे, सगळे वर्षांत:
१९५७: ७३४० ± १६०
१९८९: ७८८० ± १२०
२०११: ७९३२ ± ५५
२०१४: ७९१७ ± ४८
२०१८: ७८२५ ± ८७

यातून शिफारस करायचा एक आकडा कसा काढायचा? आणि अर्धायु ठरल्यावर अल्फा-गॅमा तीव्रता आणि पातळ्यांची मांडणी तपासायची पद्धत काय? "ईएनएसडीएफ बघा" (अणुकेंद्रकांच्या तपासून ठेवलेल्या आकड्यांचा जागतिक संग्रह) एवढंच लिहू नका. ते उघडून बघितलंय. तिथे आकडा कसा पोचतो, ते हवंय.

खारफुटी

आधी कागद, मग गणित. ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या एनएसआर सूचीत (अणुकेंद्रकांवरच्या लेखांची सूची) न्यूक्लाइड आणि "हाफ-लाइफ" टाकून सगळे मूळ लेख काढा. तिथे प्रत्येक लेखाला एक की-नंबर असतो: वर्ष, पहिल्या लेखकाच्या नावाची दोन अक्षरं आणि दोन अंक. पुढे टिपणात लेखाचा उल्लेख याच नंबराने होतो. दुसऱ्याच्या तक्त्यातून आकडे उचलू नका. तक्त्यातून तक्त्यात गेलेला आकडा वाटेत अनिश्चितता बदलून घेतो.

प्रत्येक लेखातून या पाच गोष्टी वहीत उतरवा:

अनिश्चितता के = १ (एक सिग्मा, म्हणजे एक प्रमाण विचलन) आहे की के = २ (दोन सिग्मा). तुमच्या यादीत २०११ चा ५५ हा दोन सिग्माचा आहे, २०१४ चा ४८ आणि २०१८ चा ८७ हे के = २ चे आहेत. सरासरीत टाकण्याआधी ते अनुक्रमे २८, २४ आणि ४४ करायचे. ईएनएसडीएफमध्ये सगळं एक सिग्मात लिहितात.

अनिश्चिततेत नुसती मोजणीची सांख्यिकी आहे, की वस्तुमान, कार्यक्षमता, घन-कोन, अशुद्धी हेही धरलंय. जुन्या लेखांत बरेचदा फक्त सांख्यिकी असते. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा.

पद्धत कोणती. विशिष्ट सक्रियता मोजली (अणुसंख्या भागिले सक्रियता, गुणिले ०.६९३१), की दुसऱ्या न्यूक्लाइडच्या तुलनेत गुणोत्तर काढलं. गुणोत्तर असेल तर त्या दुसऱ्याचं कोणतं अर्धायु वापरलं ते शोधा. ते पुढे बदललं असेल तर मूळ गुणोत्तर घेऊन आकडा नव्याने काढावा लागतो.

दोन लेख एकाच नमुन्यावरचे किंवा एकाच तराजूवरचे आहेत का. असतील तर ती दोन स्वतंत्र मोजमापं नाहीत.

हा आकडा त्याच गटाच्या पुढच्या लेखाने मागे टाकलाय का. प्रबंध, मग अहवाल, मग जर्नल, अशी एकाच मोजणीची तीन रूपं सापडतात. घ्यायचं शेवटचं एकच.

एवढं झाल्यावर सरासरी. १९५७ चा बाजूला ठेवून चार आकडे घेतले (कंसात एक सिग्मा अनिश्चितता):
७८८०(१२०), ७९३२(२८), ७९१७(२४), ७८२५(४४)

वजन म्हणजे एक भागिले अनिश्चिततेचा वर्ग. वाटे पडतात १.९%, ३५.५%, ४८.३% आणि १४.४%. भारित सरासरी ७९०८.४, अंतर्गत अनिश्चितता १६.७. काय-वर्ग (अनिश्चिततेच्या मानाने आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) ४.४९, स्वातंत्र्य-अंश (आकड्यांपेक्षा एक कमी) ३, म्हणजे घटवलेला काय-वर्ग १.५०. तीन अंशांसाठी ९९ टक्क्यांची सीमा ३.७८ आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी जुळतात. घटवलेला काय-वर्ग एकाहून जास्त असल्यामुळे बाह्य अनिश्चितता (हे विखुरणं धरून वाढवलेली) घ्यायची: १६.७ गुणिले वर्गमूळ १.५० = २०.४.

ताळा म्हणून साधी सरासरी: ७८८८.५, अनिश्चितता २३.८. दोन्हींतला फरक २० वर्षांचा, अनिश्चिततेच्या आतच आहे. हा फरक मोठा आला असता तर समजायचं, एखादा जड आकडा बाकीच्यांना ओढतोय.

येऊरकर

गणित ठीक. पण १९५७ चा आकडा "बाजूला ठेवून" ही सुरुवातच मला खटकली. न आवडणारा आकडा आधी काढायचा आणि मग बाकीचे किती छान जुळतात ते दाखवायचं, याला मूल्यमापन म्हणत नाहीत.

खारफुटी

मान्य, क्रम उलटा सांगितला. पाचही घेऊन करून दाखवतो.

सरासरी ७९०२.३ येते. म्हणजे जुना आकडा घेऊनही ती फक्त ६ वर्षांनी हलते, कारण त्याचं वजन जेमतेम १ टक्का आहे. पण एकूण काय-वर्ग १७.० होतो आणि त्यातले १२.३५ एकट्या १९५७ चे. चार अंशांना घटवलेला काय-वर्ग ४.२ आणि सीमा ३.३२. म्हणजे संच विसंगत. सरासरीपासून तो साडेतीन सिग्मा दूर आहे.

इथे दोन वाटा आहेत. एक, सामान्यीकृत अवशेष (सरासरीपासूनचं अंतर भागिले अनिश्चितता) किंवा राजेव्हल पद्धत वापरून विसंगत आकड्याची अनिश्चितता जुळेपर्यंत फुगवायची आणि त्याला यादीत ठेवायचं. दोन, तो वगळायचा आणि कारण टिपणात लिहायचं. या उदाहरणात दोन्ही वाटांनी उत्तर तेच येतं, कारण मुळात वजनच नाही. मी वगळेन, पण टिपणात १९५७ चा आकडा आणि त्याचा अवशेष दोन्ही दिसले पाहिजेत. उद्या कोणी म्हणालं "हा का नाही", तर उत्तर त्याच पानावर मिळावं.

येऊरकर

हे पटलं. मग वगळण्याला भौतिक कारणही शोधावं, निदान चूक कोणत्या दिशेला जाऊ शकते एवढं तरी. थोरियम-२२९ सहसा युरेनियम-२३३ मधून वेगळा काढतात. युरेनियम-२३३ ची मुख्य अल्फा ४८२४ केईव्हीला (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक). थोरियम-२२९ ची सगळ्यात मोठी ४८४५ ला आणि एक छोटी ४८१५ ला. सिलिकॉन डिटेक्टरवर हे सगळं एकाच ढिगात पडतं. थोडं युरेनियम मागे राहिलं की मोजणी वाढते, सक्रियता जास्त दिसते आणि अर्धायु कमी येतं. वेगळं न केलेलं थोरियम-२३२ असेल तर उलट होतं: वजन वाढतं, अर्धायु जास्त येतं. म्हणून विशिष्ट सक्रियतेच्या कोणत्याही लेखात मास स्पेक्ट्रोमेट्रीचा तक्ता आहे का, हे आधी बघायचं. नसेल तर अनिश्चितता कितीही छोटी छापलेली असो, विश्वास बेताचाच.

१९८९ च्या १२० बद्दल एक. तो के = १ म्हणून घेतलाय. के = २ म्हणून ६० घेऊन पाहिला तर त्याचं वजन ७.३% होतं आणि सरासरी ७९०७ येते. दीड वर्षाचा फरक, दुर्लक्ष करण्यासारखा. ही "असं असतं तर" चाचणी प्रत्येक शंकास्पद आकड्यावर करून ठेवावी.

पारसिक_पायथा

फार छान. म्हणजे शेवटी ७९०८(२०)?

तुर्भे_स्टोअर

२० नको, २४ ठेवा. सरासरीची अनिश्चितता सगळ्यात नेमक्या एकेकट्या मोजमापापेक्षा कमी लावायची नाही, असा पुष्कळ मूल्यमापकांचा संकेत आहे. चार प्रयोगशाळा एकाच तऱ्हेच्या प्रमाणित द्रावणांवर आणि तराजूंवर अवलंबून असतात. सांख्यिकी त्यांना स्वतंत्र समजते, पण तशा त्या पूर्ण नसतात.

वजनाचा नियमही सांगून ठेवतो: कुठल्याही एका आकड्याचा वाटा ५० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. गेला तर त्याची अनिश्चितता वाढवून ५० वर आणायची. इथे २०१४ चा ४८.३ आहे, थोडक्यात वाचला. पण गंमत बघा: कोणी २०१४ चा ४८ अर्धा करायला विसरला, तर २०११ चा वाटा ५५.६% होतो आणि तो नियम उगाचच लागू पडतो. नियम लावण्याआधीची सरासरी ७९०३ ते ७९०४ च्या मधे येते, म्हणजे उत्तर फारसं बदलत नाही. त्यामुळे ही चूक कोणाच्या नजरेला येत नाही आणि वर्षानुवर्षं तक्त्यात राहते. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, अशातला प्रकार.

हा सगळा सराव आहे हे विसरू नका. प्रत्यक्ष कामात छापील शिफारस वापरा आणि तिची आवृत्ती नोंदवा.

नेरुळ_फलाट_३

मधेच एक व्यवहाराचा प्रश्न. एवढ्या काटेकोरपणाने दवाखान्यात काय फरक पडतो? थोरियमचं अर्धायु अर्ध्या टक्क्याने हललं तर रुग्णाला काय?

खारफुटी

थोरियमचं हललं तर रुग्णाला काहीच नाही. ॲक्टिनियम-२२५ चं हललं तर पडतो. जुना आकडा १०.०(१) दिवस होता. २०१२ मध्ये ९.९२०(३) दिवस आला. ३० दिवसांची क्षय-दुरुस्ती करा: जुन्याने उरलेला अंश ०.१२५०, नव्याने ०.१२२९. फरक १.७%. जुन्या तारखेने प्रमाणित केलेल्या स्रोतावरून आज डिटेक्टरची कार्यक्षमता काढली की हा १.७% थेट उत्तरात बसतो, आणि तो सांख्यिकी चूक म्हणून दिसतच नाही.

मोजणी करताना आणखी एक खबरदारी. ॲक्टिनियमची स्वतःची गॅमा फार कमजोर, म्हणून लोक त्याच्याच क्षयसाखळीतल्या फ्रान्सियम-२२१ ची २१८ केईव्ही किंवा बिस्मथ-२१३ ची ४४० केईव्ही बघतात. बिस्मथचं अर्धायु ४५.६ मिनिटं. रासायनिक विलगीकरणानंतर निदान ५-६ तास थांबल्याशिवाय ४४० च्या पीकवरून ॲक्टिनियम सांगू नका.

पारसिक_पायथा

आता दुसरा भाग. तीव्रतांचा ताळेबंद. अमेरिशियम-२४१ वर कोणी करून दाखवेल का? तो सगळ्यांच्या हाताखालचा आहे.

तुर्भे_स्टोअर

करूया. शितावरून भाताची परीक्षा करायला हेच उत्तम उदाहरण.

अमेरिशियम-२४१ अल्फा सोडून नेप्च्युनियम-२३७ होतो. लेकाच्या खालच्या पातळ्या (केईव्ही): ०, ३३.२, ५९.५, ७५.९, १०३.०, १५८.५. अल्फा कुठे जातात? ८४.५% ५९.५ ला, १३.२% १०३.० ला, १.६६% १५८.५ ला. शून्याला फक्त ०.३८% आणि ३३.२ ला ०.२३%. एकूण ९९.९ च्या वर, बेरीज बरोबर.

आता ५९.५ ची पातळी. तिच्यात थेट ८४.५ येतात. १०३.० वरून ४३.४ केईव्हीच्या संक्रमणाने जवळपास सगळे १३.२ येतात, आणि वरून थोडे आणखी. म्हणजे आवक ९७.७ आणि ९९.३ च्या मधे कुठेतरी.

जावक दोन वाटांनी. ५९.५४ केईव्हीची गॅमा ३५.९%. तिचं एकूण अंतर्गत रूपांतर गुणक (दर गॅमामागे किती वेळा गॅमाऐवजी इलेक्ट्रॉन सुटतो) सुमारे १.१६, म्हणून संक्रमणाची एकूण तीव्रता ३५.९ × २.१६ = ७७.५. दुसरी २६.३४ केईव्हीची, ३३.२ च्या पातळीवर उतरणारी, गॅमा सुमारे २.३%. ताळेबंद जुळायला तिच्या वाट्याला २० ते २१ टक्के यायला हवेत, म्हणजे (१ + गुणक) ९ च्या आसपास, गुणक ८ च्या आसपास.

इथे खरी मेख आहे. ५९.५४ चं संक्रमण ई१ (विद्युत द्विध्रुव) प्रकारचं आहे (स्पिन-पॅरिटी ५/२ ऋण वरून ५/२ धन). ब्रिक या प्रोग्रामला "ई१" सांगून गुणक काढला तर तो १.१६ पेक्षा पुष्कळ कमी येतो. हे प्रसिद्ध "विसंगत ई१" आहे. संक्रमण अणुकेंद्रकाच्या रचनेमुळे दाबलं गेलंय आणि एल-कवचाचं रूपांतर अणुकेंद्रकाच्या आतल्या भागातून वाढतं. सिद्धांताचा गुणक डोळे झाकून घेतला की ५९.५ च्या पातळीवर आवक जावकेपेक्षा कितीतरी जास्त दिसते आणि माणूस अल्फा तीव्रता दुरुस्त करायला लागतो. चूक असते गुणकात. म्हणून जड केंद्रकांत, १०० केईव्हीच्या खालच्या ई१ ला मोजलेला गुणक असेल तर तोच घ्या आणि टिपणात लिहा.

येऊरकर

उत्तम. याला जोडून क्यू-मूल्याचा (क्षयात सुटणाऱ्या एकूण ऊर्जेचा) ताळा. मुख्य अल्फाची ऊर्जा ५४८५.५६. प्रतिघाताची भर घालायची, म्हणजे गुणिले (१ + ४/२३७): ५५७८.१. त्यात पातळीचे ५९.५ मिळवा: ५६३७.७. वस्तुमान-तक्त्यातलं क्यू-मूल्य ५६३७.८. ०.१ केईव्हीत जमलं. जमलं नसतं तर तीन संशयित: अल्फाची ऊर्जा जुन्या प्रमाणावर मोजलेली, अल्फा भलत्याच पातळीला लावलेली, किंवा पातळीचीच ऊर्जा चुकलेली.

प्रतिघात गॅमातही असतो, पण छोटा. २६१४.५ केईव्हीच्या गॅमाला शिसे-२०८ मध्ये सुमारे १८ ईव्ही. जीटीओएल प्रोग्राम पातळ्यांची ऊर्जा किमान वर्ग पद्धतीने बसवतो तेव्हा ही दुरुस्ती आपोआप करतो. हाताने बेरीज करणाऱ्याकडून ती हमखास राहते.

नेरुळ_फलाट_३

अमेरिशियमच्या अल्फांपैकी ८४% वरच्या पातळीला जातात आणि सगळ्यात जास्त ऊर्जेच्या, शून्यावर जाणाऱ्या अल्फाला ०.४% सुद्धा नाही, हे उलटं नाही का? ऊर्जा जास्त, तर अडथळा पार करणं सोपं.

येऊरकर

अडथळ्यापुरतं बरोबर आहे. ५९ केईव्ही जास्त म्हणजे भेदनक्षमता दुपटीहून थोडी जास्त. पण अमेरिशियमच्या शेवटच्या विषम प्रोटॉनची अवस्था ५/२ ऋण आहे, निल्सन क्रमांक (लांबट केंद्रकातली कक्षा ओळखायचा) ५२३. नेप्च्युनियमची जमीन-अवस्था (शून्याची पातळी) ५/२ धन, ६४२. विषम प्रोटॉनला जागा बदलावी लागते. ५९.५ ची पातळी मात्र तीच ५/२ ऋण, ५२३. जागा न बदलता अल्फा सुटते.

हे आकड्यात पकडतं ते अडथळा-गुणक (भेदनक्षमतेचा हिशोब वगळून अल्फा किती पटीने रोखली जाते), अल्फाड प्रोग्राम काढतो तो. पद्धत अशी: शेजारच्या सम-सम केंद्रकांत जमीन-अवस्था ते जमीन-अवस्था अल्फाचा गुणक व्याख्येनेच १ धरतात आणि त्यावरून त्रिज्येचा स्थिरांक (आर-शून्य, जड भागात १.५ फर्मीच्या आसपास) काढतात. विषम केंद्रकासाठी शेजाऱ्यांची सरासरी घेतात. मग ५९.५ साठी गुणक १ च्या जवळ, शून्यासाठी काही शेकड्यांत. ४ पेक्षा कमी गुणक म्हणजे "अनुकूल" संक्रमण. विषम वस्तुमानांकाच्या केंद्रकात आई आणि लेकाच्या त्या पातळीचा स्पिन-पॅरिटी सारखाच, हे मूल्यमापनात भक्कम कारण मानलं जातं.

इथे चूक होते ती अशी: अर्धायु बदललं, अल्फा-शाखा बदलली, पण आर-शून्य जुनंच राहिलं. मग साखळीतल्या सगळ्या शेजाऱ्यांचे गुणक किंचित वाकडे होतात. एक आकडा बदलला की शेजारच्या तीन-चार वस्तुमान-साखळ्या पुन्हा चालवाव्या लागतात.

कळवा_खाडी

मी फक्त शेवटच्या टप्प्यातल्या गोंधळाबद्दल लिहितो, कारण नमुने मोजणाऱ्या लोकांकडून तो सतत होतो. "दर १०० क्षयांना तीव्रता". कोणाच्या १०० क्षयांना?

थॅलियम-२०८ ची २६१४.५ केईव्ही गॅमा थॅलियमच्या दर १०० क्षयांना ९९.७५. हा आकडा कसा येतो बघा: सगळे क्षय अखेर शिसे-२०८ च्या २६१४ च्या पातळीतून खाली येतात, जमिनीवर थेट बीटा नाही. म्हणून गॅमा आणि रूपांतर मिळून १००, आणि रूपांतराचा पाव टक्का वजा. निरपेक्ष मोजणी न करताच सामान्यीकरण झालं.

पण थॅलियम-२०८ स्वतः बिस्मथ-२१२ च्या अल्फा शाखेतून येतो आणि ती शाखा ३५.९४% आहे. म्हणजे थोरियम-२३२ च्या साखळीत, समतोल (साखळीतल्या सगळ्यांची सक्रियता सारखी) असताना, दर १०० थोरियम क्षयांना २६१४ च्या गॅमा ३५.८ च. ५८३ केईव्हीचंही तसंच: थॅलियमला ८५, साखळीला साडेतीसच्या आसपास. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत काही नोंदी एका पद्धतीने आणि काही दुसऱ्या पद्धतीने भरलेल्या असतात. उत्तर २.८ पटीने चुकलं की आधी इथे बघा.

बिस्मथ-२१४ मध्ये थॅलियमची युक्ती चालत नाही. तिथे जवळपास पाचवा हिस्सा क्षय बीटाने थेट जमीन-अवस्थेत जातात, गॅमाच्या बेरजेत ते दिसत नाहीत. म्हणून ६०९ केईव्हीचे साडेपंचेचाळीस टक्के रेडियम-२२६ च्या समतोलातल्या मोजणीवर टेकतात. आणि मोजणारा डिटेक्टरला बाटली चिकटवून बसला, तर ६०९ आणि ११२० एकत्र मोजल्या जाऊन दोन्ही पीक खचतात. सिझियम-१३७ सारख्या एकाच गॅमाच्या स्रोतावरून कार्यक्षमता काढली असेल तर हा तोटा दिसतच नाही. तीव्रतेचा लेख वाचताना स्रोत आणि डिटेक्टरमधलं अंतर लिहिलंय का ते बघा. १५-२० सेंमी असेल तर निर्धास्त, नाहीतर बेरीज-दुरुस्तीचा परिच्छेद शोधा.

नेरुळ_फलाट_३

ठाणे खाडीच्या गाळाचं वय काढायला शिसे-२१० वापरतात ना? तिथे कोणता आकडा?

कळवा_खाडी

अर्धायु २२.२ वर्षं. जुन्या पुस्तकांत २२.३ दिसतं. वय अर्धायुच्या प्रमाणात, त्यामुळे १०० वर्षांच्या थरात फरक अर्ध्या वर्षाचाही नाही. अर्धायुची चिंता सोडा.

चिंता करायची ती ४६.५ केईव्हीची. गॅमा फक्त ४.२५%, कारण संक्रमणाचं रूपांतर प्रचंड आहे: गुणक १८ च्या आसपास, म्हणून ४.२५ गुणिले १९, सुमारे ८०% क्षय त्या पातळीतून जातात. एवढ्या कमी ऊर्जेला गाळच गॅमा गिळतो. प्रत्येक नमुन्यासाठी बिंदू-स्रोत वर ठेवून पारगमन मोजायचं. खाडीच्या चिकणमातीत आणि वाळूत फरक मोठा पडतो.

"आधाराचं" शिसे (गाळातल्याच रेडियमपासून बनत राहणारं) रेडियम-२२६ वरून वजा करताना १८६ केईव्हीची ओळ वापरू नका. तिथे रेडियमची १८६.२ आणि युरेनियम-२३५ ची १८५.७ एकमेकांवर बसतात. नैसर्गिक, समतोलातल्या युरेनियममध्ये त्या पीकमधला रेडियमचा वाटा जेमतेम ५७-५८%. खाडीच्या पाण्यात रेडियम आणि युरेनियम वेगवेगळे वागतात, म्हणून हा वाटाही धरून चालता येत नाही. डबा हवाबंद करून तीन आठवडे ठेवा आणि ३५२ व ६०९ बघा.

खारफुटी

थोरियम-२२९ चाच विषय आहे तर रचनेतली एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्याची पहिली उत्तेजित पातळी जमिनीपासून फक्त ८.३६ ईव्हीवर आहे. किलो नाही, नुसते ईव्ही. १९९४ मध्ये ३.५(१०) ठरली होती, २००७ मध्ये ७.६(५), २०१९ मध्ये ८.२८(१७), आणि २०२४ मध्ये लेसरने थेट उत्तेजित करून ८.३५५७.

१९९४ चा आकडा गॅमांच्या फरकातून आला होता: काही दहा केईव्हीच्या गॅमा वजा करून उरलेले काही ईव्ही. असा फरक घेताना प्रत्येक गॅमा कोणत्या पातळीवर उतरते त्याचा शाखा-अंश गृहीत धरावा लागतो. अंश चुकला तर छापील अनिश्चिततेचा काही उपयोग नाही. ३.५(१०) आणि ८.३६ मधलं अंतर जवळपास पाच सिग्मा आहे! मोजणीची अचूकता चांगली होती, शाखेचं गृहीत कच्चं होतं. मूल्यमापनात यासाठी एकच उपाय: व्युत्पन्न आकडा कधीच एकटा नोंदवायचा नाही, सोबत गृहीत लिहायचं.

तुर्भे_स्टोअर

आता फाइल भरण्याबद्दल, थोडक्यात. ईएनएसडीएफची ओळ ८० रकान्यांची, पंचकार्डाच्या काळापासून. पहिले पाच रकाने न्यूक्लाइड, आठव्यात नोंदीचा प्रकार. पातळीच्या ओळीत ऊर्जा १० ते १९, तिची अनिश्चितता २० आणि २१, स्पिन-पॅरिटी २२ ते ३९, अर्धायु ४० ते ४९, त्याची अनिश्चितता ५० ते ५५. अनिश्चितता शेवटच्या अंकांत लिहायची: ७९०८ पुढे २४ म्हणजे ± २४, आणि ९.९२० पुढे ३ म्हणजे ± ०.००३. शेवटचं शून्य गाळून ९.९२ पुढे ३ लिहिलं की अनिश्चितता दहापट. टायपिंगची सगळ्यात महागडी चूक हीच.

गॅमाच्या ओळीत तीव्रता २२ ते २९, बहुध्रुवीयता ३२ ते ४१, रूपांतर गुणक ५६ ते ६२. सामान्यीकरणाच्या ओळीत एनआर हा सापेक्ष तीव्रता त्या शाखेच्या १०० क्षयांवर आणतो आणि बीआर ही शाखा. वर खाडीकाठच्या मित्राने सांगितलेला ३५.९४% चा घोळ बहुतेक वेळा याच दोन रकान्यांत जन्माला येतो: एनआरमध्ये शाखा आधीच गुणलेली आणि बीआरमध्ये पुन्हा.

भरून झाल्यावर क्रम: आधी स्वरूप-तपासणीचा प्रोग्राम, मग ब्रिक, मग जीटीओएल, मग अल्फाड (बीटा असेल तर लॉग-एफटीचा). जीटीओएलच्या अहवालात एखादी गॅमा तीन सिग्माच्या बाहेर गेली की आधी तिची जागा तपासा. अनिश्चितता फुगवण्याचा मोह नंतर.

पारसिक_पायथा

सगळं एकत्र करून रविवारसाठी टिपण तयार केलंय:

"अर्धायु ७९०८(२४) वर्षं. ७८८०(१२०), ७९३२(२८), ७९१७(२४), ७८२५(४४) यांची भारित सरासरी. घटवलेला काय-वर्ग १.५०. बाह्य अनिश्चितता २० आली, ती सगळ्यात नेमक्या मोजमापाइतकी वाढवली. वगळलेलं: १९५७ चं ७३४०(१६०)."

काही राहिलं?

येऊरकर

दोन गोष्टी. २८, २४ आणि ४४ हे छापील के = २ च्या निम्मे आहेत, हे लिहा. नाहीतर मूळ लेख उघडणाऱ्याला वाटेल तुम्ही आकडे चुकवले. आणि १९५७ समोर "साडेतीन सिग्मा दूर, घेतल्यास ७९०२" एवढं जोडा. पाचही लेखांचे एनएसआर की-नंबर आकड्यांशेजारीच टाका.

पारसिक_पायथा

जोडलं. रविवारी याच पानाच्या प्रती आणतो. अमेरिशियमचा ताळेबंद फळ्यावर तुर्भेवाल्यांनी करावा, ही विनंती.

तुर्भे_स्टोअर

करतो. सोबत शिसे-२१० चाही घेऊ, पाच मिनिटांचा आहे.